आमची वाटचाल : मालगाडीचा रूळ, राज्याचा पैसा आणि कामाचा हंगाम

आमची फर्म छोटी आहे. नव्या रेल्वेमार्गांवर आणि कारखान्यांच्या सायडिंगवर (मुख्य मार्गापासून कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्यासाठी नेलेल्या रुळावर) भराव, खडी आणि देखभालीची कामं आम्ही घेतो. पोटकंत्राटापासून सुरुवात केली आणि हळूहळू सायडिंगची थेट कामं मिळू लागली. या धंद्यात यंत्रांपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं असतं, आणि ते विधिमंडळापासून सुरू होतं.

रेल्वे हा केंद्र सूचीतला विषय, सातव्या अनुसूचीतली नोंद २२. राज्य रेल्वेचा कायदा करू शकत नाही, पण पैसा देऊ शकतं. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के, अहिल्यानगर–बीड–परळी मार्गात ५० टक्के. हा वाटा विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून खर्चाला परवानगी देणारं विधेयक, मंजूर झाल्यावरच तिजोरीतून निघतो. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. निधी वितरणाचा शासन निर्णय निघेपर्यंत पाऊस तोंडावर आलेला असतो आणि मातीकाम थांबतं. हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांतून मिळालेली रक्कम ऐन हंगामात हाती येते खरी, पण ३१ मार्चपर्यंत वापरली नाही तर तरतूद व्यपगत होते, म्हणजे रद्द होते. म्हणून मोजणी, माती परीक्षण आणि खाणपट्ट्याची परवानगी आम्ही पावसाळ्यातच उरकतो. डिसेंबरात पोकलेन उभा राहिला पाहिजे, कागद नव्हे.

गौण खनिजाच्या, म्हणजे मुरुम-खडीसारख्या मालाच्या, बाबतीत तर राज्याचा कायदा थेट आमच्या बिलात उतरतो. मुरुमाची प्रत्येक खेप वाहतूक पासासह हवी. पास नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याचा दाखला जोडला नाही तर अंतिम बिलातली रक्कम अडकून पडते. पासांची नोंद रोजच्या रोज भरावाच्या मोजमापाशी जुळवून ठेवावी. महिनाअखेरीला जुळवायला बसलं की हिशोब हमखास चुकतो.

खरी कसोटी काळ्या मातीत लागते. ती पाण्यात फुगते, उन्हात आक्रसते, आणि वरची खडी हळूहळू तिच्यात रुतत जाते. रुतलेल्या जागी पाणी साचतं, दोन्ही रुळांची पातळी वेगळी होते आणि मग मालगाडीचा डबा अगदी मंद वेगातही रुळावरून घसरू शकतो. असं घसरणं दिसलं की लोक आधी रुळाला दोष देतात. आम्ही आधी चर उघडून पाण्याला वाट आहे का ते पाहतो. भरावाचा थर ३०० मिलिमीटरपेक्षा जाड टाकू नये. प्रत्येक थराची घनता जागेवर तपासल्याशिवाय पुढचा थर घेऊ नये, आणि खडीच्या खाली ब्लँकेट थर, म्हणजे खडी मातीत रुतू न देणारा निवडक दाणेदार मालाचा थर, द्यावा. ठेकेदार नेमकी याच थरात काटकसर करतात. ती पहिल्याच पावसात उघडी पडते.

खडी यंत्राने फोडलेली हवी. ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर जास्तीत जास्त ५ टक्के, ४० च्या चाळणीवर ४० ते ६० टक्के आणि २० च्या चाळणीवर किमान ९८ टक्के माल राहिला पाहिजे. गाडीतून उतरवताना तिचा भुगा वेगळा होऊन तळाला जमतो, म्हणून नमुना ढिगाच्या वरून घेऊन भागत नाही, पोटातून काढावा.

सायडिंगमध्ये याहून वेगळं दुखणं असतं. सिमेंट, कोळसा, खत उतरवताना सांडलेला माल खडीच्या पोकळ्या बुजवतो, आणि सिमेंट तर पावसाने घट्टच बसतं. माल उतरवण्याच्या बाजूची खडी दरवर्षी उकरून चाळून परत टाकावी लागते. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानंतर जोडणीसाठी लागणाऱ्या रेल्वेच्या जमिनीचं भाडं आणि विभागीय शुल्क माफ झालं, त्यामुळे मध्यम कारखानेही आता विचारणा करतात. त्यांना आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो : पूर्ण रेक (मालगाडीच्या डब्यांची अख्खी रांग) मावेल इतकी सरळ, सपाट लांबी आहे का? आणि खडी चाळण्याचा दरवर्षीचा खर्च गृहीत धरला आहे का? दोन्हींना होकार आला की मगच नकाशा काढायला घेतो.