व्हिडिओवर तडजोड झाली, अडलं ते आक्काच्या नावावर

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा आमचा दावा. गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं. न्यायालयानं तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली मध्यस्थीला पाठवला. आक्का डोंबिवलीला, दादा चाकणला, मी गावी. दर बैठकीला तिघांनी एकत्र येणं जमणारं नव्हतं, म्हणून लेखी संमती देऊन व्हिडिओवर बसलो.

बोलणी झटपट उरकली. मुलींना समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं देशभर मिळाला, कर्नाटकात तर अविवाहित मुलींसाठी 1994 लाच दुरुस्ती झालेली. त्यामुळे आक्काच्या वाट्यावरून वाद नव्हताच. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून थोडी तणातणी, तेवढीच. मध्यस्थ बाई प्रत्येकाशी वेगळं बोलल्या आणि कित्येक वर्षांचा अबोला सुटला.

अडलं ते सह्यांपाशी. त्याच संहितेच्या आदेश 23, नियम 3 प्रमाणे तडजोड लेखी आणि पक्षकारांच्या सहीची लागते. दाव्यात आणि उताऱ्यावर आक्काचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. टेबलावरच्या कारकुनानं कागद परत सरकवला, "ह्या बाई त्याच कशावरून?" शाळेचा दाखला दिला, लग्नपत्रिका दिली. मग म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. आक्कानं डोंबिवलीत नोटरीकडून करून कुरिअरनं पाठवलं. ते उलटसुलट बघून उत्तर आलं, "हा महाराष्ट्राचा स्टॅम्प. इथला पाहिजे." हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? बैठक व्हिडिओवर चालते म्हणजे कुणीतरी लांब राहतंय, हे उघड आहे. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला पुन्हा नोटरीच्या रांगेत उभं करायचं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शेवटी इथून ई-स्टॅम्प काढून तिला पाठवला. पुढच्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी आक्काला आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, आम्हा दोघा भावांकडून ओळख पटवून घेतली आणि करारात दोन्ही नावं 'उर्फ' लावून घातली. मग कुठे कागद स्वीकारला.

म्हणून सांगतो, संमतीपत्र देतानाच बहिणींची दोन्ही नावं 'उर्फ' लावून लिहा, आणि प्रतिज्ञापत्र कुठल्या राज्याच्या स्टॅम्पवर हवं ते वकिलांकरवी आधीच विचारून घ्या. सही प्रत्येक पानावर करा.

मसुदा कन्नडमध्ये असेल तर एकेक कलम मराठीत समजावून मागा, संकोच करू नका. संमतीच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे तडजोडीवरून न्यायालय देतं त्या निकालावर, अपील चालत नाही, त्यामुळे समजल्याशिवाय सही नको.

बैठकीचं रेकॉर्डिंग करू नका. भाच्यानं सुरू केलं होतं, बाईंनी तिथल्या तिथे बंद करायला लावलं. मोबाइल फिरवून खोलीत दुसरं कुणी नाही हेही दाखवावं लागतं. भावजींना बाहेरच्या खोलीत जावं लागलं. आमच्याकडे रेंज दगा देते, म्हणून मी खानापुरात मित्राच्या दुकानामागच्या खोलीत बसायचो.

हुकूमनामा आता हातात आहे. उताऱ्यावर नावं चढवायला तलाठ्याकडे जाईन तेव्हा त्या प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत नेणार आहे.