तुम्ही विचारलंत म्हणून: फिनिश खरंच एवढी अवघड आहे का?

फिनलंडमध्ये राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ती भाषा भयंकर अवघड ना? पंधरा विभक्त्या म्हणे!" आहेत, पंधरा आहेत. पण प्रथमा ते संबोधन घोकून मोठ्या झालेल्यांनी विभक्तीचा बाऊ करावा? मी अशांना सरळ 'ओल्ला' चालवून दाखवते. ओल्ला म्हणजे असणे.

मिनॅ ओलेन, सिनॅ ओलेत, हॅन ओन, मे ओलेम्मे, ते ओलेत्ते, हे ओवात. आहे, आहेस, आहोत, आहात म्हणणाऱ्याला यात नवल ते काय? शिवाय 'हॅन' म्हणजे तो आणि तीही, त्यामुळे लिंगाची कटकटच नाही.

खरी मजा नकारात आहे. फिनिशमध्ये 'नाही' हेच क्रियापद, आणि पुरुषाप्रमाणे तेच चालतं: एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवॅत. मूळ क्रियापद सगळीकडे नुसतं 'ओले'. एन ओले, एत ओले, एइवॅत ओले. इंग्रजीच्या वाटेने येणारे इथे हमखास अडखळतात. तुम्ही मात्र 'तू जात नाहीस, ते जात नाहीत' एवढं म्हणून बघा. 'जात' जागचं हलत नाही, प्रत्यय 'नाही'ला लागतो. आपली सगळी रूपं वेगळी होत नाहीत, 'मी नाही' आणि 'तो नाही' सारखंच. पण कानाला सवय असते.

दुकानात गल्ल्यावर विचारतात, "ओन्को प्लुस्सा-कोर्त्तिया?" प्लुस्सा कार्ड, म्हणजे दुकानाच्या साखळीचं नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठीचं कार्ड, आहे का? उत्तर हो-नाही असं द्यायची गरज नाही, क्रियापदच परत करायचं: "ओन." आहे का? आहे. (ओन-को आणि आहे-का हा निव्वळ योगायोग, त्यावरून भाषाकुळं जोडू नका.) मालकी सांगायलाही ओल्लाच: मिनुल्ला ओन आउतो, माझ्याकडे गाडी आहे.

मग अवघड काय? पुस्तकातलं कुणी बोलत नाही, हे. 'मिनॅ ओलेन'चं होतं 'मॅ ओऽन', 'एन ओले'चं 'एन ओऽ'. 'मे ओलेम्मे' तर गायबच. त्याजागी 'मे ओल्लाऽन', जे व्याकरणात कर्मणीचं रूप आहे! माणसाला 'हॅन' न म्हणता 'से' म्हणतात, म्हणजे चक्क वस्तूला म्हणायचं 'ते', आणि त्यात अपमान कुणालाच वाटत नाही. 'हॅन' हा मान बऱ्याचदा घरच्या कुत्र्याला मिळतो.