वंशावळीतल्या चौकटी आणि शिरोरेषा

दिवाळीत गावी सगळे जमणार म्हणून वंशावळीचा तक्ता करायला घेतला. एसव्हीजी, म्हणजे कोड लिहून काढायचं चित्र, हातानेच लिहायचं ठरवलं: १२० बाय ४० च्या चौकटी, आत नावं, मधून रेषा. तासाभराचं काम, असा माझा समज.

आडवं मधोमध आणायला टेक्स्ट-अँकर या गुणधर्माला मिडल ही किंमत देणं पुरलं. उभ्यात मात्र अडलं. चौकट ४० उंच, म्हणून वाय, म्हणजे वरून खाली मोजलेलं अंतर, २० दिला, तर नाव वरच्या अर्ध्यात चढून बसलं. वाय म्हणजे अक्षराचा मध्य नव्हे, बेसलाइन. 'म'चा दांडा टेकतो ती रेषा.

मग अक्षराची कोणती रेषा वायवर बसवायची ते सांगणारं डॉमिनंट-बेसलाइन घेतलं आणि त्याला मिडल लावलं. बरंच खाली आलं, तरी केसभर वरच. हा 'मिडल' रोमन लिपीतल्या छोट्या एक्सच्या उंचीचा निम्मा भाग धरतो. आपली शिरोरेषा त्या एक्सच्या वर असते. त्याचाच दुसरा पर्याय सेंट्रल माझ्या लॅपटॉपवर झकास दिसलं, पण चुलतभावाच्या फोनवर फॉन्ट दुसरा निघाला आणि नावं सरकली. हँगिंग हा पर्याय तर शिरोरेषेला लटकणाऱ्या लिप्यांसाठीच ठेवलेला. मोठ्या आशेने लावला, रेषा भलतीकडेच.

वैतागून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावांचे पाथ, म्हणजे नुसते आकार, केले आणि एकेक नाव चौकटीत मधोमध बसवलं. हिशेबाने अचूक, दिसायला भयाण! 'गीता'ला वर वेलांटी, म्हणून अक्षरं खाली दबली. 'सुमन'ला खाली उकार, म्हणून ती वर उचलली गेली. सख्ख्या जावा शेजारीशेजारी, आणि शिरोरेषा पायऱ्यांसारख्या. वाचताना डोळा शिरोरेषेवरून धावतो, हे पहिलीपासून पाटीवर गिरवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी सगळं पुसलं. वाय २० तसाच ठेवला आणि प्रत्येक नावाला डीवाय, म्हणजे तिथून खाली सरकवायचं अंतर, ०.३ एम दिलं; एक एम म्हणजे फॉन्टच्या आकाराइतकं माप. फॉन्ट १६ चा, म्हणजे बेसलाइन ४.८ ने खाली. वेलांटी-उकार कुठेही जावोत, रांगेतल्या शिरोरेषा एका ओळीत आल्या. एम फॉन्टच्या मापाने चालतो, त्यामुळे आजोबांचं नाव मोठं केलं तरी हिशेब तोच राहिला. छपाईसाठी त्याची पीएनजी, म्हणजे साधी चित्र-फाइल, काढणारं साधन डॉमिनंट-बेसलाइन ओळखतच नव्हतं. डीवाय त्याने निमूट मानलं.

दोन ओळींच्या नावांना प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा, म्हणजे टीस्पॅन, केला. पहिल्याला डीवाय उणे ०.३ एम, दुसऱ्याला १.२ एम, आणि दोघांना एक्स, म्हणजे आडवी जागा, पुन्हा द्यायचा. तो विसरलो, तेव्हा पणजोबांचं आडनाव शेजारच्या चौकटीत घुसलं होतं.