आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? दीर्घिकांच्या वायूचा जमाखर्च

आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण १.५ ते २ सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे घडतात. तारे ज्यातून घडतात तो थंड, रेणूंच्या रूपातला हायड्रोजन सगळा मिळून १ अब्ज सौरवस्तुमानाच्या आसपास आहे. भागाकार केला तर हा साठा ५० ते ७० कोटी वर्षांत संपायला हवा. तबकडीत पसरलेला अणुरूप हायड्रोजन जमेस धरला तरी आणखी काही अब्ज वर्षं निघतील, फार नाही. आकाशगंगा मात्र १० अब्ज वर्षांहून जास्त काळ तारे घडवत आली आहे. उघड आहे, बाहेरून वायूची आवक चालू आहे.

दीर्घिका आणि तिचं शेजार यांबद्दल काहीही वाचताना साठा, खर्च आणि आवक हे तीन आकडे वेगळे ठेवावेत. ‘समूहात (शेकडो-हजारो दीर्घिकांच्या जथ्यात) गेलेली दीर्घिका मरते’, म्हणजे तिथे नवे तारे घडणं थांबतं, असं सर्रास लिहिलं जातं. पण साठा लुटला गेला, खर्च एकदम वाढला की आवक बंद झाली, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही. तिन्हींचे शेवट सारखे दिसले तरी त्यांना लागणारा वेळ आणि मागे राहणाऱ्या खुणा निराळ्या असतात.

आधी खर्चाबद्दल. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने सरळ कोसळला असता तर काही दशलक्ष वर्षांत सगळ्याचे तारे झाले असते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात जेमतेम १ टक्का वायू ताऱ्यांत जातो. ढगातली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र कोसळणं रोखून धरतात, आणि पहिले जड तारे पेटले की त्यांचं प्रारण, वारे आणि सुपरनोव्हा उरलेला ढग उधळून लावतात. म्हणून जवळच्या सर्पिल दीर्घिकांत रेण्वीय वायू संपायला सरासरी २ अब्ज वर्षं लागतील असा हिशेब निघतो. वायू जितका दाट तितका खर्चाचा वेग जास्त, हे मार्टिन श्मिट यांनी १९५९ मध्ये मांडलं. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये पुष्कळ दीर्घिका एकत्र घेऊन त्याचा घातांक १.४ च्या आसपास येतो हे दाखवलं.

हा खर्च मोजतात कसा? सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरची एच-अल्फा रेषा. जड तारे भोवतालच्या हायड्रोजनचं आयनीभवन करतात, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन तोडतात; ते परत जुळताना ही लाल रेषा निघते. असे तारे १ कोटी वर्षांच्या आतच संपतात, त्यामुळे रेषा दिसली की तारानिर्मिती अगदी ताजी. अतिनील प्रकाश साधारण १० कोटी वर्षांची सरासरी सांगतो. दोन्ही मोजले तर निर्मिती वाढते आहे की घटते आहे याचा अंदाज येतो.

एक उदाहरण करून बघू. समजा एखाद्या दीर्घिकेची एकट्या एच-अल्फा रेषेतली तेजस्विता १० कोटी सूर्यांइतकी भरली. क्रूपा यांचं ताऱ्यांच्या वस्तुमानांचं वाटप (जन्मणाऱ्या ताऱ्यांत हलके किती, जड किती) वापरलं तर ४.९ कोटी सूर्यांमागे वर्षाला १ सौरवस्तुमान असा दर बसतो, म्हणजे उत्तर साधारण २. तीच रेषा घेऊन साल्पीटर यांचं १९५५ चं वाटप वापरलं तर उत्तर ३. दीर्घिका तीच, मोजमाप तेच, आणि आकड्यात दीडपट फरक. दोन शोधनिबंधांतले दर शेजारी ठेवण्याआधी वाटप कोणतं घेतलंय हे न बघणं ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

मग धूळ. धुळीविना एच-अल्फा आणि हायड्रोजनचीच निळसर रेषा एच-बीटा यांचं गुणोत्तर २.८६ च्या आसपास असतं. धूळ निळा प्रकाश जास्त गिळते, म्हणून ते वाढतं. आपल्या उदाहरणातल्या दीर्घिकेत ते ४ आलं तर एच-अल्फाची खरी तेजस्विता मोजलेल्यापेक्षा २.२ ते २.४ पट निघते; धुळीचं कोणतं सूत्र वापरता त्यावर नेमका आकडा ठरतो. मघाचे २ आता ४.५ ते ५ झाले! शिवाय अरुंद फिल्टर वापरला असेल तर ६५४.८ आणि ६५८.३ नॅनोमीटरच्या नायट्रोजनच्या रेषाही आत शिरतात. मोठ्या, जड मूलद्रव्यांनी समृद्ध दीर्घिकांत त्यांची भर एच-अल्फाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. केंद्रात सक्रिय कृष्णविवर असेल तर एच-अल्फाचा काही भाग ताऱ्यांचा नसतोच. तो वेगळा काढायला १९८१ पासून रेषांच्या गुणोत्तरांचा आलेख वापरतात: आडव्या अक्षावर नायट्रोजन भागिले एच-अल्फा, उभ्यावर ऑक्सिजन भागिले एच-बीटा.

साठा मोजणं त्याहून किचकट. अणुरूप हायड्रोजन २१ सेंटीमीटरच्या रेडिओ रेषेने दिसतो. पण हायड्रोजनचा रेणू समतोल बांधणीचा, थंडीत तो जवळपास काहीच उत्सर्जित करत नाही. त्याच्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा मोजतात आणि ठरावीक गुणकाने हायड्रोजन काढतात. हा गुणक सगळीकडे सारखा नाही, आणि घोळ इथेच होतो. आकाशगंगेत तो ४.३ च्या आसपास धरतात, तर एकमेकींवर आदळून धुमसणाऱ्या दीर्घिकांसाठी ०.८ च्या जवळपास. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या खुज्या दीर्घिकांत कार्बन मोनॉक्साइड प्रारणाने मोडून जातो. हायड्रोजन असतो, पण त्याची खूणच पुसलेली असते. अशा ठिकाणी ‘वायू संपला’ म्हणणं घाईचं ठरतं.

आता शेजाराकडे. ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ समूह तपासून दाखवलं की दीर्घिकांची दाटी जितकी जास्त तितक्या लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका जास्त, सर्पिल कमी. पण दाटी मोजायची कशी? पाचव्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, त्या त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने ५ ला भागायचं, ही सोपी पद्धत. मात्र खोलीतलं अंतर ताम्रसृतीवरून (प्रकाश लाल बाजूला किती सरकला यावरून) काढलेलं असतं, आणि समूहातली दीर्घिका सेकंदाला १००० किमी वेगाने आपल्या दिशेने येत असेल तर अंतरात साधारण साडेचार कोटी प्रकाशवर्षांची चूक होते. नकाशावर समूह आपल्याकडे रोखलेल्या बोटासारखा लांबट दिसतो. म्हणून शेजारी मोजताना सहसा दोन्ही बाजूंना १००० किमी प्रतिसेकंद एवढी सूट देतात. सर्वेक्षणाच्या कडेवरच्या दीर्घिकांचे निम्मे शेजारी चौकटीबाहेर राहतात, त्यांची दाटी खोटीच कमी भरते. त्या वगळाव्यात.

साठा लुटला जातो तो प्रसंग सगळ्यात देखणा, म्हणून त्याचीच छायाचित्रं फिरतात. समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत १ ते १० कोटी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो. त्यातून दीर्घिका धावते तेव्हा तिला समोरून वारा लागतो. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये त्याचा हिशेब दिला: वाऱ्याचा दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. हा दाब तबकडीच्या गुरुत्वाच्या पकडीपेक्षा जास्त झाला की वायू सुटतो.

आकडे घालू. दर घन सेंटीमीटरला एक हजारांश प्रोटॉन, वेग सेकंदाला १००० किमी: दाब १.७ पिकोपास्कल (पिकोपास्कल म्हणजे पास्कलचा एक लाख कोटीवा भाग). तबकडीच्या कडेला दर चौरस पार्सेकला (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) ताऱ्यांचं ५० आणि वायूचं १० सौरवस्तुमान धरलं तर पकड ०.९ पिकोपास्कल. वायू गेला. आत, केंद्राजवळ, ताऱ्यांचं ५०० आणि वायूचं ५० धरलं तर पकड ४६. तिथला वायू ढिम्म हलत नाही. म्हणून ही लूट नेहमी बाहेरून आत होते, आणि कन्या समूहातल्या एनजीसी ४५२२ सारख्या दीर्घिकेत ताऱ्यांची तबकडी धडधाकट पण वायूची तबकडी कापून लहान झालेली दिसते. दीर्घिका आदळाआदळीत सापडली असती तर तारेही विस्कटले असते. वायू विस्कटलेला आणि तारे जागच्या जागी, ही वाऱ्याची पक्की खूण.

नॉर्मा समूहातल्या ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेमागे क्ष-किरणांत दिसणारी शेपटी सुमारे २ लाख ६० हजार प्रकाशवर्षं लांब आहे. अशा दीर्घिकांना जेलीफिश म्हणतात. गंमत म्हणजे लूट चालू असताना तारानिर्मिती काही काळ वाढते: वाऱ्याने दाबलेल्या बाजूला वायू दाट होतो, आणि शेपटीतही नवे तारे पेटतात. जेओ२०१ या जेलीफिशच्या शेपटीतले असे तरुण तारे ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने टिपले आहेत. त्यामुळे समूहात एखादी दीर्घिका जोमाने तारे घडवताना दिसली, तर ती वाऱ्यातून बचावली असं समजू नये. ती कदाचित ऐन वाऱ्यात असेल.

हाच हिशेब छोट्या गटात, म्हणजे मोजक्या दीर्घिकांच्या जथ्यात, करून बघा. घनता दहापट कमी, वेग ३०० किमी: दाब ०.०१५ पिकोपास्कल. शंभरपटीहून कमी. तबकडीला याने काहीच होत नाही. तरीही गटांतल्या दीर्घिका विझतात, म्हणजे तारे घडवणं थांबवतात. का? तबकडीभोवती दूरवर पसरलेलं विरळ वायूचं आवरण असतं, पुढची आवक त्यातूनच होते, आणि त्याच्यावरची पकड फारच सैल. ते निघून गेलं की तबकडीतला साठा तसाच राहतो, पण आत काही येत नाही. लार्सन, टिन्सली आणि कॉल्डवेल यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली. तिला उपासमार म्हणतात. नाव भडक आहे, पण चपखल आहे.

उपासमार झाली की लूट, हे ओळखायचं कसं? ताऱ्यांतल्या जड मूलद्रव्यांवरून. ताजा, शुद्ध वायू येणं थांबलं आणि उरलेल्यातून तारे घडत राहिले, तर प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा जास्त समृद्ध होत जाते. साठा झटक्यात गेला असता तर प्रमाण आहे तिथेच गोठलं असतं. पेंग, मायोलिनो आणि कॉक्रेन यांनी २०१५ मध्ये जवळच्या २६ हजार दीर्घिकांवर हे तपासलं. विझलेल्या दीर्घिका तेवढ्याच वस्तुमानाच्या जिवंत दीर्घिकांपेक्षा स्पष्टपणे समृद्ध निघाल्या, आणि विझायला साधारण ४ अब्ज वर्षं लागत असावीत असा आकडा आला. माझ्या मते जेलीफिशच्या कुठल्याही छायाचित्रापेक्षा हा कंटाळवाणा दिसणारा आलेख जास्त सांगून जातो.

तिसरी वाट खर्चाची. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताना वायू केंद्राकडे कोसळतो आणि तारानिर्मितीचा भडका उडतो. अँटेना दीर्घिका किंवा आर्प २२० ही ठळक उदाहरणं. असं विलीनीकरण मोठ्या समूहात व्हावं असं वाटतं, पण तिथे सापेक्ष वेग इतका जास्त की दीर्घिका एकमेकींना थांबवूच शकत नाहीत, शेजारून निघून जातात. विलीनीकरणाचं खरं ठिकाण म्हणजे छोटे गट. पुष्कळ दीर्घिका समूहात पोचण्याआधी गटांतच अर्ध्या विझलेल्या असतात, आणि दोष मात्र समूहावर येतो.

सगळा दोष शेजारावरही टाकता येत नाही. भोवतालच्या कृष्णद्रव्यासह (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्यासह) दीर्घिकेचं वस्तुमान १ लाख कोटी सौरवस्तुमानाच्या पुढे गेलं की आत येणारा वायू धक्क्याने तापतो, लवकर थंड होत नाही, आणि केंद्रातलं कृष्णविवर त्याला तापतच ठेवतं. पर्सियस समूहाच्या मधोमध असलेल्या एनजीसी १२७५ भोवती कृष्णविवराच्या झोतांनी गरम वायूत पोखरलेल्या पोकळ्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने टिपल्या आहेत. पेंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वस्तुमानाचा आणि शेजाराचा परिणाम एकमेकांपासून वेगळे करता येतात हे दाखवलं. तुलना करायची तर समान वस्तुमानाच्याच दीर्घिकांची करावी, कारण दाट जागी मुळात जड दीर्घिकाच जास्त असतात.

निव्वळ शेजाराचा हात बघायचा असेल तर खुज्या दीर्घिका घ्याव्यात. १ अब्ज सौरवस्तुमानाहून कमी तारे असलेली एकटी दीर्घिका विझलेली जवळजवळ सापडतच नाही. आणि आकाशगंगेपासून ९ लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या खुज्या दीर्घिका बघा: मॅगेलनचे दोन मेघ सोडले तर वायू जवळपास कुणातच नाही. त्याच्या बरीच बाहेर असलेली इवलीशी लिओ टी मात्र अजून वायू राखून आहे.

दीर्घिकांच्या जाळ्यातल्या मोठ्या पोकळ्यांमध्ये चित्र उलटं: तिथल्या दीर्घिका निळसर, वायूने भरलेल्या. २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्या तेवढ्याच वस्तुमानाच्या इतर दीर्घिकांपेक्षा सरासरीने सावकाश तारे घडवत आल्या आहेत.

शेवटचा घोळ काळाचा. विश्वातली तारानिर्मिती महास्फोटानंतर सुमारे ३.५ अब्ज वर्षांनी शिगेला होती, आज ती त्याच्या साधारण एक दशांश आहे. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ७,६५३ दीर्घिकांचे २१ सेंटीमीटरचे मंद संकेत एकत्र करून, ८ अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्याकडे सरासरी किती अणुरूप हायड्रोजन होता हे २०२० मध्ये मोजलं. साठा भरपूर निघाला, पण खर्चाच्या त्या वेगाने तो १ ते २ अब्ज वर्षंच पुरला असता. म्हणजे तेव्हापासून आवकच सगळीकडे घटत आली आहे, समूहात आणि समूहाबाहेरही. बुचर आणि ओमलर यांना १९७८ मध्ये दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या समूहांत निळ्या दीर्घिका जास्त दिसल्या, तेव्हा समूहांचा स्वभाव बदलला असं वाटणं साहजिक होतं. पण त्या काळी मोकळ्यावरच्या दीर्घिकाही आजच्यापेक्षा निळ्या होत्या. जुन्या समूहाशेजारी त्याच ताम्रसृतीच्या मोकळ्या दीर्घिका ठेवल्या, तरच शेजाराचा वाटा किती ते कळतं.