बोलोनियाचा वारा आणि आईंचे प्रश्न

स्पेनच्या दक्षिण टोकाला समुद्रावर जायचं असेल तर तापमान बघू नये, वारा बघावा. हे ज्ञान आम्हाला तिथल्या घरमालकानं दिलं, तेही पैसे भरून झाल्यावर. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथे लेवांते म्हणतात. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये चिंचोळी वाट. त्या वाटेतून तो असा सुटतो की बोलायला तोंड उघडलं तर आधी वाळू आत जाते. डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, टोकावरच्या तारिफा गावात जगभरातले काईटसर्फर, म्हणजे पतंगाच्या जोरावर लाटांवरून सरकणारे लोक, मुक्काम ठोकून असतात. त्यांची चंगळ आहे. छत्री, चटई आणि सासूबाई घेऊन आलेल्यांची नाही.

सेव्हिल आणि काडिझ या शहरांबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी ते सोडून देते. बोलोनिया हे तारिफाजवळचं गाव. गाव म्हणजे थोडी पांढरी घरं, मोजकी खाणावळवजा हॉटेलं आणि जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा किनारा. मुख्य रस्ता सोडून डोंगर उतरून खाली यावं लागतं. गाडी नसेल तर या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किनारा सुंदर आहे यात वाद नाही. पाणी हिरवट निळं, समोर मोरोक्कोचे डोंगर इतके जवळ की खोटे वाटावेत. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर आहे. पश्चिम टोकाला तीस मीटरहून उंच वाळूची टेकडी आहे. लेवांते तिला ढकलत ढकलत मागच्या पाइनच्या रानात घुसवतो आहे आणि अर्धी झाडं वाळूत गाडली गेली आहेत. नवरा वर चढून आला आणि दोन दिवस कानातून वाळू काढत होता.

आणि वाळूवर गाई! रेतिंता नावाची तांबूस-तपकिरी जात, रवंथ करत निवांत बसलेली. जर्मन पर्यटक कौतुकानं फोटो काढत होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ह्या बघूक इतक्या लांब इलंव? गोव्यात फुकट दिसतत."

वाऱ्यानं किनाऱ्यावरून हाकललं म्हणून आम्ही शेजारच्या बाएलो क्लाउदियात शिरलो. हे रोमन शहराचे अवशेष अगदी समुद्राला लागून आहेत. तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांना फुकट होतं, आम्हाला माणशी दीड युरो. दीड युरोचं काही नाही, पण खिडकीपाशी पासपोर्ट दाखवून आपण 'बाकीचे' आहोत हे सिद्ध करायचं जरा टोचतंच. आत शिरताना काँक्रीटची मोठी आधुनिक इमारत लागते. तिच्यावर बरीच टीका झाली आहे. मला ती आवडली, कारण तिथे वारा नव्हता.

शहर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटी वसलं आणि सम्राट क्लाउदियसच्या काळात त्याला नगराचा दर्जा मिळाला. चौक, देवळं, नाट्यगृह, न्यायसभेच्या जागी सम्राट ट्रेजनचा पुतळा (तोही प्रतिकृती, मूळ काडिझच्या संग्रहालयात). हे सगळं मी फलक वाचत वाचत बघितलं. मी पुण्याची, मला फलक लागतात. आई मालवणच्या. त्यांनी देवळांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या सरळ खाली, समुद्राच्या बाजूला गेल्या आणि जमिनीतल्या दगडी टाक्यांपाशी थांबल्या. काही चौकोनी, काही गोल.

हा मासे खारवण्याचा कारखाना. शहराचं पोट याच्यावर चालायचं. वसंतात मोठे ट्यूना अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरतात आणि याच किनाऱ्याला घासून जातात. त्यांना पकडायचं, कापायचं, टाकीत एक थर मासा, एक थर मीठ असं भरायचं. आतडी आणि बारीक मासे मिठात घालून उन्हात कुजवले की त्यातून गारूम नावाचं कालवण झिरपायचं. रोमन श्रीमंत त्यावर पैसा उधळायचे.

मी हे वाचून दाखवलं. आईंनी ऐकून घेतलं आणि प्रश्न सुरू केले. "मीठ खंयसून हाडीत?" काडिझच्या उपसागरात मिठागरं आहेत, ती चालत आली आहेत. "टाकयेक निचरो खंय?" मी वाकून पाहिलं, मला दिसेना. "वास केवढो सुटत असतलो!" याला उत्तर नको होतं. देवळांपासून टाक्या हाकेच्या अंतरावर. मला इतका वेळ ते शहर पांढऱ्या संगमरवरी चित्रातलं वाटत होतं. आईंनी एका वाक्यात त्याला नाक दिलं. माझ्या माहेरी शेजारच्यांनी सुकट भाजली तरी आम्ही खिडक्या लावायचो, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. मग त्या टाकीच्या काठावर बसून, लग्नाआधी घरी बांगडे कसे खारवायचे, मीठ कमी पडलं की किडे कसे पडतात, पावसाच्या आधी बरण्या कशा बांधायच्या, हे सांगत राहिल्या. नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं. राखणदार बाई दोनदा येऊन गेल्या. दगडावर बसायला मनाई असावी, पण आईंकडे बघून काही बोलल्या नाहीत. हा मला तिथला सगळ्यात मोठा पाहुणचार वाटला.

जेवणाचं मात्र वांधं झालं. कारण मोबाईल. त्या किनाऱ्यावर फोन मधूनच मोरोक्कोचं नेटवर्क पकडतो. "मोरोक्कोमध्ये आपले स्वागत आहे" असा संदेश आला तेव्हा आम्ही हसलो. पण तिथलं घड्याळ तेव्हा स्पेनच्या एक तास मागे होतं, आणि फोन इमानदारीनं मागे गेला. फोनमध्ये तीन वाजून दहा मिनिटं, स्पेनमध्ये चार वाजून दहा. चारला स्वयंपाकघर बंद, पुन्हा उघडणार साडेआठला. स्पॅनिश माणूस त्या मधल्या वेळात काय खातो देव जाणे. शिवाय युरोपचा रोमिंग पॅक आफ्रिकेत चालत नाही. नंतर जे बिल आलं त्यात माणशी एक चांगलं जेवण झालं असतं.

हॉटेलवाल्यानं तोंड वाकडं केलं, मग आईंकडे पाहिलं आणि थंड काहीतरी देतो म्हणाला. पाव, टोमॅटो, बदाम आणि मोजामा. ट्यूनाचा पाठीकडचा तुकडा मिठात मुरवून वाऱ्यावर सुकवतात, मग काचेसारखा पातळ कापून ऑलिव्ह तेलात देतात. सकाळपासून ज्याला शिव्या दिल्या तोच वारा, म्हणजे आता ताटात. आईंनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले. आम्ही वाट बघत होतो.

"खारट कमी," त्या म्हणाल्या. पण बशी त्यांनीच संपवली.

दुसऱ्या दिवशी बार्बाते या मासेमारीच्या गावी थांबून मोजामाचं एक पाकीट घेतलं. तिथले लोक अजूनही वसंतात जाळ्यांचा चक्रव्यूह समुद्रात उभा करून ट्यूना पकडतात. त्याला अलमाद्राबा म्हणतात, आणि त्यातला बराच मासा जपानला जातो. उरलेल्याचा भाव बघून नवरा गप्प झाला. सेव्हिलच्या भाड्याच्या घरात आईंनी तो महागडा मोजामा गरम पाण्यात भिजवला आणि सोबत आणलेलं कोकम, कांदा, तिखट घालून त्याचं सुकं केलं. नवरा दोन वाट्या भात जास्त जेवला. माझं मत विचाराल तर तो पातळ कापून तेलातच खावा. पण हे घरात बोलायची माझी हिंमत नाही.