फोन करू का मेल टाकू?

लातूरकडच्या मित्रांशी बोलताना एक प्रश्न हटकून येतो: तिकडं जर्मनीत ऑफिसात तुम्ही एकमेकांना सरळ फोन का लावत नाही? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मोंढ्यात तुरीचा, सोयाबीनचा लाखोंचा सौदा फोनवर होतो, गाडी भरून निघते, कागद मागाहून होतो. लेखी मागितलं तर माणूस दुखावतो. ‘म्हणजे माझ्या शब्दावर भरवसा नाही का?’

मी इथं श्टुटगार्टजवळ, गाड्यांचे सुटे भाग घेणाऱ्या एका कंपनीत पुरवठादारांची क्वालिटी बघतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारीसुद्धा आधी टीम्सवर, म्हणजे ऑफिसच्या चॅटवर, लिहितो, ‘पाच मिनिटं आहेत का?’ न विचारता फोन वाजला की लोक दचकतात, कुठं कारखान्यातली लाइन बंद पडली की काय म्हणून. बोलणं झालंच, तर पाठोपाठ मेल येतो: आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असेल तर कळवा. समोरच्याला न सांगता त्याचं बोलणं रेकॉर्ड करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे कित्येकांच्या मोबाइलमध्ये कॉल रेकॉर्डिंग आपोआप चालू असतं आणि वेळ आली की ‘ऐकवू का तुमचंच बोलणं?’ असा दम भरला जातो. इथं ती सोय नाही, त्यामुळे जे लिहिलं तेच झालं.

मला ही पद्धत मानवली. कारण शिस्तबिस्त काही नाही. जर्मन फोनला मी टरकतो, एवढंच. माणूस समोर बसला असेल तर त्याचा चेहरा दिसतो, ड्रॉइंगवर बोट ठेवून ‘हे का?’ म्हणता येतं. फोनवर यातलं काही नाही, वर इकडची श्वेबिश बोली. (‘काय करायलास’ म्हणणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या बोलीला नावं ठेवू नयेत, मान्य आहे.) जर्मनमध्ये त्रेचाळीस म्हणताना आधी तीन आणि मग चाळीस येतात, अगदी मराठीसारखे. म्हणजे मला सोपं जायला हवं. पण पार्ट नंबर मी जन्मभर इंग्रजीत ऐकत आलो, त्यामुळे ४३ चे ३४ होतातच.

त्यात आडनाव सूर्यवंशी. फोनवर स्पेलिंग सांगायचं तर इकडच्या यादीप्रमाणे एससाठी सीगफ्रीड, यूसाठी उलरिश असं करत एनपर्यंत पोचलो की ‘नॉर्डपोल’, म्हणजे उत्तर ध्रुव. २०२२ मध्ये ऑफिसच्या कामासाठी ही यादी बदलली, माणसांच्या नावांऐवजी शहरांची नावं आली. पण जुनी मंडळी अजून ध्रुवावरच आहेत. मेलमध्ये अख्खं सूर्यवंशी खाली आपोआप येतं.

आता संभाजीनगरजवळच्या वाळूजचं सांगतो. आमचे काही भाग तिथं बनतात, आणि जर्मनीला येण्याआधी मीही तिथल्या एमआयडीसीत नोकरी केलेली आहे. मध्यंतरी एका भागाचं बोअर, म्हणजे आतलं भोक, मापाबाहेर यायला लागलं. पुरवठादाराकडून मेल आला: ‘डिअर सर, बोअर प्रॉब्लेम इज देअर. अॅक्शन टेकन. विल बी क्लोज्ड शॉर्टली.’ इथल्या इंजिनिअरनं तो वाचला आणि हात टेकले. कुठल्या मशीनवर? कधीपासून? किती माल रस्त्यात आहे? या धंद्यात तक्रार आली की एट-डी रिपोर्ट, म्हणजे आठ टप्प्यांत कारण आणि उपाय सांगणारा अहवाल, लागतो, आणि त्यात खराब माल आधी कसा अडवला हे साधारण दिवसभरात सांगावं लागतं. ‘अॅक्शन टेकन’मधून त्याला काहीही कळेना. त्याचं मत झालं, हे लोक लपवतात.

मी वाळूजला फोन लावला. क्वालिटीचे गृहस्थ पैठणकडचे, पंधरा-वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेले. म्हणाले, ‘सर, दोन नंबरच्या मशीनवरच होयलंय. सकाळच्या शिफ्टला माप बरोबर येतंय, दुपारून कूलंट (मशीन थंड ठेवणारं पाणी) तापलं की बोअर मापाबाहेर जायलंय. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आहे. त्यात इन्सर्टही (कापणारं टोक) लवकर झिजायलंय. दुपारचा माल सगळा बाजूला काढून ठेवलाय.’ दोन मिनिटांत मशीन, कारण आणि अडवलेला माल, सगळं आलं. ‘मग हेच मेलमध्ये लिहा ना,’ म्हटलं, तर हसले. ‘इंग्लिशमध्ये कसं लिहायचं सर एवढं?’

मी इथं फोन टाळतो आणि ते तिथं मेल टाळतात, दोघांचं दुखणं एकच. मीटिंगमध्ये ‘लेखी बरं की तोंडी’ यावर मोठमोठ्या चर्चा होतात तेव्हा मला हेच वाटत राहतं. माणसाला त्याच्या भाषेत लिहू दिलं तर तो लिहितो. ज्या भाषेत हात आखडतो तिथं तो पळवाट काढतो, आणि त्याला आपण स्वभाव म्हणतो.

अर्थात सगळंच भाषेवर ढकलता येत नाही. लिहिण्याची भीती पैशाचीही असते. ‘चूक आमच्याकडून झाली’ असं लिहिलेला मेल उद्या डेबिट नोटला (पैसे कापल्याच्या कागदाला) जोडून परत येतो, हे प्रत्येक व्हेंडरला ठाऊक आहे. त्यामुळे वाईट बातमी फोनवर आणि चांगली मेलवर, असा अलिखित नियम तिथं असतो. माझ्या मते त्यात त्यांची फारशी चूक नाही. खरं लिहिणाऱ्यालाच दंड बसणार असेल तर कोण लिहील?

वेळेचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास वाळूज आमच्या पुढं असतं. इथं दुपारी चारला कुणाला तरी शंका येते तेव्हा तिथं माणूस घरी जेवायला बसलेला असतो, आणि तरी तो फोन उचलतो. २०११ मध्ये फोक्सवॅगननं इथल्या काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर शिफ्ट संपून अर्धा तास झाला की मेल पाठवणं बंद केलं होतं. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. वाळूजच्या व्हेंडरला यातलं काही लागू नाही. म्हणून चारनंतर मी तिकडं फोन करत नाही, लिहून ठेवतो.

सध्या आमचं असं चालतं. वाळूजचे ते गृहस्थ टीम्सवर मराठीत बोलून पाठवतात, सोबत मापांचे फोटो. मी त्याचं इंग्रजी करून त्यांना देतो, ते वाचून स्वतःच्या नावानं सगळ्यांना मेल टाकतात. माझ्या साहेबांना हे माहीत आहे, त्यांची हरकत नाही. कूलंट गार ठेवायला चिलर बसवल्याचा मेल असाच गेला: मशीन नंबर, तारीख, आधीची आणि नंतरची मापं, सगळं जागच्या जागी. फक्त बाजूला काढलेल्या मालाचा खर्च कुणाच्या खात्यात घालायचा, ते त्यात नव्हतं. मी विचारलं, तर लगेच उत्तर आलं, ‘सर, ते तेवढं फोनवर बोलू.’