पीडीएफ उघडत नाही? आधी हेडर बघा
जत्रेची पत्रिका फोंड्यातल्या देवस्थानाच्या साइटवर चढवली, पण ब्राउझरमध्ये उघडायची सोडून ती डाउनलोडच होते? सर्व्हर फाइलसोबत ब्राउझरला जी माहिती पाठवतो, ती म्हणजे हेडर. त्यातला कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार) 'ॲप्लिकेशन/पीडीएफ' हवा. 'ऑक्टेट-स्ट्रीम' (प्रकार न सांगता नुसते बाइट) असला तर ब्राउझर फाइल उतरवूनच घेतो. फाइल दाखवायची की उतरवायची ते सांगणाऱ्या कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये 'अटॅचमेंट'च्या जागी 'इनलाइन' लिहा.

खरं छळतं ते कोरं पान. फाइल उतरवून नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला '%पीडीएफ-' हवं. त्याआधी पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची) वॉर्निंग किंवा एखादी रिकामी ओळ घुसली, की मूळ फाइलवरून मोजलेली कंटेंट-लेंग्थ (हेडरमधली फाइलची लांबी) अपुरी पडते, शेवटचे बाइट कापले जातात आणि '%%ईओएफ' ही फाइल संपल्याची खूण गायब होते. काही व्ह्यूअर हे सांभाळून घेतात, काही नाही. म्हणून एकाच ब्राउझरवर विसंबू नका.

दुरुस्तीनंतर कॅशे (ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत) साफ करूनच तपासा.